डोक्याची, गुडघ्याची, तापाची

लालबागच्या चाळीत आमची खानावळ होती. आमची म्हणजे सासूबाईंची. सासरे गेल्यावर त्यांनी ती एकटीच्या बळावर उभी केली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिन्ही पाळ्यांतले गिरणीकामगार, बहुतेक आमच्याच कोकणातले, त्या दोन खोल्यांत जेवत होते. सगळे सासूबाईंना मावशी म्हणत. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत त्या अन्नाला शिवत नसत. तोवर फक्त कोरा चहा. खानावळवालीनं आधी जेवलं की बरकत जाते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला तेव्हाही याचा संताप यायचा, आजही येतो.

चुलीच्या धगीनं त्यांचं डोकं ठणकायचं. गुडघे तर कामातून गेलेले. जेवणारी माणसं मायाळू. कोणी नाक्यावरच्या दुकानातून गोळी आणायचा, कोणी गिरणीच्या दवाखान्यात मिळालेली आपली गोळी खिशात जपून आणायचा.

"मावशे, ही घे गो. डोक्याक एकदम बरी."

लगेच दुसरा, "ती ऱ्हवांदे डोक्याक. गुडघ्याक ही घे."

अंग गरम लागतं म्हणून माझ्या नवऱ्यानं केमिस्टाकडून तापाची आणली. वेष्टण वेगळं, रंग वेगळा, म्हणजे औषधही वेगळं, असं आम्ही सगळे धरून चाललो. सासूबाई तिन्ही घ्यायच्या, उपाशीपोटी, त्या कोऱ्या चहाबरोबर. देणाऱ्याचं मन मोडायचं नाही, हेही होतंच.

मग पोटात आग पडू लागली. त्यावर उपाय घरचाच, लंघन. जेवण बंद झालं, गोळ्या मात्र चालू राहिल्या, कारण त्या औषध. पुढे परसाकडेला काळं होऊ लागलं. मी घाबरले.

"आये, डॉक्टराक दाखवूया."

"अगो, मिश्री पोटात गेली आसतली. त्येका कसलो डॉक्टर?"

मिश्री त्या सकाळ-संध्याकाळ दातांना लावायच्या. काळीभोर. मला पटलं, शेजारणींनाही पटलं. आमच्या घरात काळ्या रंगाला दुसरं कारण सुचण्याची सोयच नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. हरताळ पडला की गिरण्या बंद, मग तिन्ही पाळ्यांची माणसं एकदमच जेवायला. मोर्च्याहून घसे बसवून यायची आणि पानावर बसूनही भांडायची. सासूबाईंनाही मुंबई हवी होती, भाकऱ्या थापता थापता त्या घोषणा द्यायच्या. अशाच एका दुपारी वाढता वाढता त्या खाली बसल्या आणि त्यांना रक्ताची उलटी झाली. बाहेर कर्फ्यू लागलेला. जेवणाऱ्यांनी हात न धुताच त्यांना हातगाडीवर घातलं आणि पोलिसांच्या हातापाया पडत परळच्या इस्पितळात नेलं.

काय औषध चालू होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. घरी धावत जाऊन नवऱ्यानं गोळ्या आणल्या, वेष्टणांसकट. डॉक्टरांनी एकेक वाचून पाहिलं.

"या तिन्हींत एकच औषध आहे," ते म्हणाले. "नावं तेवढी निराळी. उपाशीपोटी इतकं घेतल्यावर पोटात जखमा होणारच. काळं जात होतं ते रक्तच."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. सकाळ व्हायच्या आत सासूबाई गेल्या.

तेराव्यानंतर जेवणारे एकेक करून मला एकटीला गाठू लागले. कोणी जिन्यात, कोणी नळावर, कोणी ताट ठेवायचं निमित्त करून चुलीपाशी. खाली बघत, दबक्या आवाजात सगळ्यांचं एकच.

"वैनी, माझ्या गोळयेन तर नाय ना?"

ओरडावंसं वाटायचं, की तुम्हा सगळ्यांच्या गोळ्यांनी, आणि त्याहून जास्त त्या मेल्या बरकतीनं. एवढी माणसं रोज त्यांच्या हातचं पोटभर जेवली, पण मावशे, तू जेवलीस काय, असं एकानं कधी विचारलं नाही. पण समोरचा माणूस रडायला आलेला असायचा. मी प्रत्येकाला सांगितलं, "नाय हो. तुमच्या गोळयेन नाय."

नवऱ्यानं मात्र कधीच विचारलं नाही. त्याच्यासाठी ते उत्तर तयार ठेवून मी म्हातारी झाले.