पन्नीची कुट्टी

माझ्या सासूबाईंचा वीस गुंठ्यांचा मळा मी मारला. आता हे लिहून टाकलं, तेही सहज. चहा पितापिता लिहिलंय.

मळा मेहकरच्या रस्त्याला, विहिरीला लागून होता. त्यांना तो माहेरून मिळालेला, म्हणून घरातल्या पुरुषांचं तिथे काही चालायचं नाही. मेथी, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत मेले. मी बुलढाण्याच्या कारकुनाची मुलगी, मॅट्रिक झालेली. खुरपं कसं धरायचं ते येत नव्हतं, पण दुसऱ्याला शहाणपण शिकवायची हौस दांडगी.

तेव्हा बाजारात प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्याच बोकाळल्या होत्या. आम्ही त्यांना पन्नी म्हणायचो. त्या साली शेणखत कमी पडलं, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शहरातल्या कचऱ्याचं खत दोन गाड्या आणवलं. खत चांगलं काळंभोर, पण हात घालावा तिथे पन्नी. तेवढ्यात शेगावहून नणंदेच्या बाळंतपणाचा निरोप आला. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "पन्न्या आख्ख्या हायेत तवरच येचून घेजो. मंग खत पांगव. घाई नोको करू."

दोन दिवस वेचल्या. वास, चिखल, नखांत घाण. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्या घरात जे लवकर कुजत नसे त्याची कुट्टी करायचे. ज्वारीचे धांडे असोत की तुरीचा पाला, हाताने फिरवायच्या यंत्रात घालून बारीक करायचं आणि खड्ड्यात टाकायचं. पुढच्या हंगामापर्यंत त्याची माती. बारीक केलं की कुजतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते. मग पन्नी काय आभाळातून पडली? उरलेल्या सगळ्या पन्न्या मी कडब्याच्या पेंढ्यांत कोंबल्या आणि एका दुपारी यंत्रातून काढल्या. खतात मिसळल्या, मळाभर पांगवल्या. नवऱ्याने वखर मारून दिला. मी स्वतःवरच खूश.

महिन्याने आत्याबाई आल्या त्या थेट मळ्यात. बांधावरच थांबल्या. मांडवाखाली अक्षता पडाव्यात तसे निळे-पांढरे तुकडे सगळीकडे.

"हे असं काऊन व?"

"खतच तसं आलं होतं, आत्याबाई," मी म्हटलं. "गाडीवाल्याने आणलं तेच असं."

त्यांनी विश्वास ठेवला. शिकलेली सून खोटं कशाला बोलेल? त्या गाडीवाल्याला त्यांनी भर बाजारात असं झोडपलं की बिचारा पोराबाळांच्या शपथा घेत राहिला. मी शेजारी पिशवी धरून उभी. तेव्हा लाज वाटली होती, एवढं आठवतं.

मेथी आली, पण ठिकठिकाणी टक्कल. उपटली की मुळाला पन्नीची चिंधी गुंडाळलेली. पाणी दिलं तर कुठे साचून राहायचं, कुठे नुसतं वरून निघून जायचं. आधी खुरप्याच्या प्रत्येक घावाला गांडूळ दिसायचं. आता ओळीच्या ओळी खुरपल्या तरी दिसेना. आत्याबाई माती मुठीत दाबायच्या, सोडायच्या, परत दाबायच्या. "हिले काय झालं, समजून नाही राह्यलं," म्हणायच्या.

मग रोज सकाळी आम्ही दोघी वेचायला बसू लागलो. एक वर्ष, दोन वर्षं, मग मी मोजणं सोडलं. उन्हाने तुकडे ठिसूळ व्हायचे, बोटांत धरले की चुरा. वखर फिरला की एकाचे दहा. शेवटी खडा कुठला आणि पन्नी कुठली ते कळेना. ती कुजली नाहीच, नुसती बारीक होत गेली. सांगून टाकावं असं पुष्कळदा ओठावर आलं, पण दिवस जात गेले आणि माझ्यातलं काहीतरी बधिर झालं. सकाळी उठायचं, वाकायचं, वेचायचं. लाजसुद्धा वाटेनाशी झाली.

आत्याबाई थकल्यावर त्यांनी मळा माझ्या नावावर करायचं काढलं. मुलांच्या नाही, लेकीच्याही नाही. मेहकरच्या कचेरीत सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाल्या, "माह्या पोटच्या पोरीनं बी एवढं केलं नसतं. दुसऱ्याचं पाप हिनं माह्यासाठी येचलं."

कारकुनाने कागद पुढे सरकवला. कुठे सही करायची ते मी विचारलं, आणि केली.