घणाखालचा हात

घणवालीला राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या वर्षी मात्र कारण होतं आणि ते रास्त होतं. तिची झोप उडाली होती.

बाजारामागच्या गल्लीत नवरा-बायकोची भट्टी होती. नवरा सांडशीने लालभडक लोखंड ऐरणीवर धरायचा आणि ती घण घालायची. पहारी, कुदळी, कुऱ्हाडी, सगळं दोघांच्या हातून निघायचं. या कामात बोलायला कुणाला फुरसत नसते. नवरा हातोडीने लोखंडावर जिथे टोला देईल तिथे घण पडायचा. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली की घण थांबायचा, आणि तो हात पुढे करून लोखंडावरचे जळके पापुद्रे ब्रशने झाडायचा. इतक्या वर्षांत तो हात कधी चुकून घणाखाली आला नव्हता. लग्नं याहून कमी भरवशावर टिकतात.

झोप उडाली ती सासूमुळे. म्हातारी अंथरुणाला खिळली होती, तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून अनेकदा उठून तिची कूस बदलावी लागे. घणवाली शिव्या देत उठायची, पण उठायची. सासू गेली आणि उठणं तेवढं मागे राहिलं. आता कूस बदलायला कुणी नव्हतं, तरी डोळे टक्क उघडायचे आणि पुन्हा मिटायचे नाहीत. भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात. तिच्याखाली कापसाची गादी होती आणि गादीतला काटा काही सापडत नव्हता.

मग घरात तोडफोड सुरू झाली. तिने पाण्याचा माठ लाथेने फोडला. दाराची कडी उपटली. शेजारी नवरा सुखाने घोरतोय हे तिला इतकं असह्य झालं, की एकदा तिने त्याच्या कमरेत लाथ घातली आणि तो गाढ झोपेतला माणूस खाटेवरून धाडकन खाली आला. त्याने उठून तिच्या कानाखाली वाजवली. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. सकाळी दोघं पुन्हा ऐरणीशी समोरासमोर उभे. पोट कुणाची भांडणं ऐकून घेत नाही.

शेवटी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत, नियम दिले. दिवसा अंग टेकायचं नाही. अंथरुणावर झोपेपुरतंच जायचं, तेही उशिरा. झोप आली नाही तर उठून बसायचं. उठायची वेळ मात्र रोज एकच.

"झोपेला वळण लावावं लागतं," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला थकवा वाढेल, घाबरू नका. पण या दिवसांत धोक्याचं काम नको."

थकवा वाढेल, एवढंच घणवालीने धरून ठेवलं. लोखंड वाकत नसेल तर आणखी ठोकायचं, हीच विद्या तिने जन्मभर केली होती. थकल्यावर झोप येणार असेल, तर जितकी जास्त थकेन तितकी लवकर येईल, असा तिने हिशेब मांडला. ती दुप्पट घण घालायला लागली. धोक्याच्या कामाचं नवऱ्यानेही ऐकलं होतं. पण कुऱ्हाडींची मोठी मागणी आली होती आणि त्याने तोंड उघडलं नाही.

दुपारी जेवणानंतर तिची मान पडायची. मग तो तोंडावर पाणी मारायचा.

"अगं ऊठ. बाईंनी काय सांगितलंय?"

"बाईला घाल चुलीत, आणि तू पण जा," ती म्हणायची. रागात तिचं अहो-जाहो सुटायचं. एकदा तिने पळी फेकून मारली, त्याच्या भुवईवर खोक पडली. तो रक्त पुसून पुन्हा पाणी घेऊन आला. माणूस चिवट होता.

तशाच एका दुपारी पाणी मारून झालं, शिव्या देऊन झाल्या आणि काम सुरू झालं. घण चढत होता, पडत होता. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली. त्याने हात पुढे केला. घण खाली आला.

तो ओरडला तेव्हा तिला कळलं. उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती, हाडाचे तुकडे कातडीतून वर आले होते. रक्त तापल्या लोखंडावर पडून चरचरलं. तिने स्वतःचा पदर फाडून हात बांधला आणि त्याला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं.

समोरचा सुतार गल्लीला सांगत सुटला, "झोपलेल्याला उठवता येतं हो, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?" रोजची भांडणं सगळ्यांनी ऐकली होती. सुताराला ती चपलेने मारणार होती, पण दारापर्यंत जाऊन परत फिरली. तो घाव घालताना आपण झोपलो होतो की नुसतेच चिडलो होतो, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

तिने घण कोपऱ्यात उभा केला. आता मात्र बाईंचा प्रत्येक नियम पाळला. झोपेने डोळे फुटायची वेळ यायची तेव्हा स्वतःच्याच गालावर चापट्या मारायची. अंथरुणावर तळमळ सुरू झाली की उठून भिंतीशी बसायची. कित्येक आठवडे असे गेले. मग एकदा ती पडली ती थेट उजाडल्यावरच जागी झाली. पुढे तेच रोजचं झालं.

त्याची बोटं जुळली, पण वाकडी. दोघं पुन्हा ऐरणीशी आले. तिचे डोळे स्वच्छ होते, खांदे हलके झाले होते. तिने घण उचलला आणि त्याने सांडशी मागे ओढली. घण रिकाम्या ऐरणीवर आदळून तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

"चुकून झालं," तो म्हणाला.

दुसऱ्यांदाही त्याने ओढली. तिसऱ्यांदा तर घण वर जायच्या आधीच तो मागे सरकला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो भट्टीचा नव्हता.

"तुम्हाला वाटतं मी मुद्दाम मारलं?"

त्याने गार झालेलं लोखंड पुन्हा भट्टीत खुपसलं. "तुझे डोळे उघडे होते," तो म्हणाला.

तिने घणाचा दांडा त्याच्या हातात दिला, सांडशी स्वतः घेतली, भट्टीतून लोखंड काढून ऐरणीवर धरलं आणि मोकळा हात ऐरणीवर लोखंडाशेजारीच ठेवला.

"हात काढ तो," तो म्हणाला.

"मारा."

"मला राग आहे अजून. फार आहे."

"ठाऊक आहे. लोखंड गार होतंय, मारा."

त्याने घण उचलला. वाकड्या बोटांत दांडा नीट बसत नव्हता. तिने डोळे मिटले नाहीत. पहिला घाव बरोबर लोखंडावर बसला, दुसराही. तिसऱ्याला तो रडायला लागला, पण घण थांबला नाही आणि तिने हात काढला नाही.