अनुचा मान कुठल्या ढिगात

न्हावऱ्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं, की सुपारी फुटल्यावर पहिलं बोलावणं मुक्ताबाईंना जायचं. बस्त्याला चला म्हणून. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्या मंडळींनी एकाच दिवशी, एकाच दुकानात बसून, सगळ्या नातेवाइकांसाठी काढायचे म्हणजे बस्ता. आणि हा दिवस लग्नापेक्षा अवघड, असं मुक्ताबाईंचं म्हणणं. लग्नात काही चुकलं तर भटजी सांभाळून घेतो. बस्त्यात चुकलं तर पाहुणा मांडवातून उपाशी उठून जातो आणि नवरीच्या नातवंडांच्या बारशापर्यंत ते उगाळत बसतो.

शिरूरच्या दुकानात शिरल्या, की त्या गादीच्या बरोबर मधोमध बसत. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. समोर दोन ढीग लागायचे, डावीकडं बायकांचा आणि उजवीकडं बाप्यांचा. सख्ख्या मामाला पूर्ण पोशाख, चुलत मामाला टॉवेल-टोपी. आत्याची साडी मामीच्या साडीपेक्षा हलकी दिसता कामा नये. थोरल्या जावयाला जे, तेच धाकट्याला, नाहीतर धाकटा वरातीत नाचत नाही. एखादी मागं राहिलेली विधवा चुलती सगळ्यांच्या ध्यानातून गेलेली असायची, तिचं नाव मुक्ताबाई घेत. दुकानातला माणूस एकेक कापड उचलून विचारायचा, "आजी, लेडीजमध्ये का जेंट्समध्ये?" आणि त्या मान न वळवता हात दाखवायच्या. तो हात कधी अडला नव्हता.

मग यंदा घरचाच बस्ता आला. थोरला नातू सत्यजीत रांजणगावला कंपनीत, त्याला दौंडकडची मुलगी सांगून आली, पसंतीही झाली. सगळं सुरळीत होतं. अडत होतं ते सत्यजीतच्या पाठच्या लेकरावर. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव अनुपमा, घरात अनु.

अनु पुण्याला शिकायला गेले आणि तिथंच नोकरीला लागले. 'गेले', 'लागले', असंच म्हणायचं. गेल्या दिवाळीत घरी आल्यावर अनुने तेच सांगितलं होतं. फराळाची ताटं पुढ्यात होती. मी मुलगी नाही, मुलगाही नाही, माझ्याबद्दल बोलताना 'ती आली' म्हणू नका, 'ते आले' म्हणा, आणि अनुपमा नको, नुसतं अनु. वडील, पोपटराव, चकली तशीच ठेवून उसाला पाणी द्यायला निघून गेले. आजोबा हौसरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई सुलक्षणा बी.कॉम. झालेली, तिने असलं काहीतरी मोबाइलवर वाचलं होतं, पण वाचलेलं लोकांच्या घरचं असतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मुक्ताबाईंना वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं असेल.

नंतर महिनाभर घरात तोच विषय, पण अनुच्या माघारी. हौसराव म्हणायचे, "आले-गेले आपण सासऱ्याला म्हणतो. नातीला म्हणायचं म्हंजी मी काय तिचा जावई हाय?" मुक्ताबाईंची जाऊ सोजराबाई वाळवण घालायला यायची, तिचं म्हणणं वेगळं. आपल्या वेळी नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं तर आभाळ कोसळंल म्हणायचे, आता सुना नवऱ्याला 'ए पिंट्या' म्हणून हाक मारतात आणि आभाळ जागच्या जागी आहे, हे तिला मान्य होतं. "पर बाईला बाई न् बाप्याला बाप्याबी म्हणायचं न्हाई, तर मग बोलायचं कशाला? मुकं बसावं," असं म्हणून तिने पापड उलटला. मुक्ताबाईंनी सांगून पाहिलं, की बँकेतल्या बाईला आपण 'मॅडम आले' म्हणतोच की. त्यावर सोजराबाई म्हणाली, "त्या मॅडम हायत. ही आपली अनु हाय." खरं तर मुक्ताबाईंनाही तेच वाटत होतं.

दिवाळीतच, अनु परत जायच्या आदल्या दिवशी, कांदाचाळीत उरलेला कांदा निवडत अनु आणि मुक्ताबाई बसले होते. काय बोलायचं याचा मुक्ताबाईंनी विचार करून ठेवला होता. त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. पाबळला माहेरी त्यांचं नाव पारू. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर 'मुक्ता' लिहिलं आणि पारू संपली. नव्या घरात कुणी मुक्ता म्हणून हाक मारली, की त्या आपल्या झाडतच राहायच्या; सासूला वाटलं, सून बहिरी केली. रात्री अंथरुणात त्या स्वतःलाच हळूच पारू म्हणायच्या.

"लई कससंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "मग झाली सवय. तुलाबी व्हईल."

अनुने हातातला नासका कांदा बाजूला टाकला. "कससंच व्हायचं कधी थांबलं आजी?"

मुक्ताबाई आठवत राहिल्या. थांबलं कधी ते आठवेना. थांबलं का, तेही नीट सांगता येईना. गोष्ट समजूत घालायला काढली होती, आणि ती मध्येच कुठंतरी भलतीकडं वळली. त्यांनी पाटी उचलली आणि जनावरांना वैरण घालायला गेल्या.

लग्नाची तारीख निघाल्यावर अनुचा सुलक्षणाला फोन आला. दादाच्या लग्नाला मला यायचंय, पण करवली म्हणून नाही. साडी नेसवून, हातात पाण्याचा करा देऊन दादाच्या मागं उभं करणार असाल आणि माईकवरून मुलाची बहीण म्हणून नाव घेणार असाल, तर मी येत नाही. अनु रागावून बोलले नव्हते, म्हणूनच सुलक्षणा घाबरली. रागावलेलं लेकरू येतं. शांत बोललेलं येत नाही. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला सांगितलं. "आत्या, नाही आली तर लोक विचारतील. आली आणि शर्ट-पँटमध्ये आली तर आणखी विचारतील. मला तर वाटतं ती एकदा गेली की पुन्हा..." त्या काळजीत तिच्याही तोंडून सगळं 'आली'च निघालं होतं. मुक्ताबाईंना एवढं मात्र स्पष्ट कळलं, की नातवाच्या लग्नात हे लेकरू नसलं, तर ते या घरातून कायमचं उठल्यासारखं होईल. बाकीचं काही कळलं नाही.

बस्त्याच्या दिवशी दौंडहून नवरीची आई साधनाबाई आल्या, नवरीचे मामा जालिंदर आले, आणखी चार बायका. चहा झाला, ढीग लागायला लागले. मुक्ताबाईंचा हात सराईतपणे चालत होता. दुपारपर्यंत मामा, मावशा, आत्या सगळे उरकले. मग साधनाबाईंनी स्वतःच्या हाताने जांभळ्या रंगाची, बारीक बुट्ट्यांची साडी पुढं ओढली. करवलीची साडी मुलीकडून, ही रीतच आहे. साडी खरोखर देखणी होती.

"आमच्या करवलीला शोभंल का बघा," त्या सुलक्षणाला म्हणाल्या. "आज आली असती तर अंगाला लावून बघितली असती."

सुलक्षणा सासूकडं बघायला लागली. दुकानातल्या माणसाने साडी उचलली. "आजी, ही लेडीजमध्ये ना?"

मुक्ताबाईंचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. लेडीजमध्ये ठेवली तर लेकरू येत नाही. जेंट्समध्ये शर्टपीस ठेवावा, तर अनुने मुलगाही नाही म्हणून सांगितलेलं. आयुष्यभर ज्याला त्याला त्याचा मान दिला, कुणाला कमी पडू दिलं नाही. मग त्यांना जे न्यायाचं वाटलं, ते त्या बोलून गेल्या.

"साडीबी ठेव. आन् एक चांगला शर्टपीस, तो तिकडं ठेव. दोन्ही अनुचं."

मुलाकडच्यांनी भर बस्त्यात जास्तीचा मान मागणं म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुक्ताबाईंना तर सगळ्यांत जास्त. अशी मागणी करणाऱ्यांना त्यांनी स्वतः किती वेळा झापलं होतं.

जालिंदरमामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एका करवलीचे दोन मान? आम्ही दौंडचे म्हणून काय रेल्वेचा डबा भरून कापड आणलंय व्हय?"

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. साधनाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडून न्हवती ही अपेक्षा. लोकं तुमचं नाव घेत्यात."

मुक्ताबाईंचे कान तापले. आता खरं सांगण्यावाचून गत नव्हती, आणि खरं काय ते त्यांनाच माहीत नव्हतं. मागणी न्हाई हो, त्या म्हणाल्या, तसलं काही मनात आणू नका. मग अडखळत, मागचं पुढं करत त्यांनी सांगितलं. अनु म्हणते मुलगी न्हाई. म्हणतात. मुलगाबी न्हाई. साडी दिली तर येणार न्हाई. म्हणून मला वाटलं, दोन्ही द्यावं, म्हंजी कुठलंच चुकणार न्हाई.

दुकानातला माणूस उगाच एका घडीची पुन्हा घडी घालत बसला. सुलक्षणाची मान खाली. लग्न इथंच मोडतंय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

साधनाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या पोरीला त्या घरात नांदायचंय."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "आन् अनुलाबी त्याच घरात यायचंय." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "फोन लाव."

अनुने फोन लगेच उचलला. ऑफिसमधला आवाज मागं येत होता. मुक्ताबाईंनी फोन हातात धरला आणि तो नेहमीसारखा स्पीकर लावून कानापासून लांब धरल्यामुळं, अनुचं बोलणं सगळ्या गादीला ऐकू जात राहिलं.

"आजी, बस्ता झाला?"

"हुतोय. तुला साडी ठेवलीय आन् शर्टपीसबी ठेवलाय."

मग अनु म्हणाले, "दोन कशाला? मी काय दोन माणसं आहे?"

साधनाबाईंच्या बरोबरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मुक्ताबाईंनी दोन्ही ढिगांकडं पाहिलं. त्यांना स्वतःचाच राग आला, का ते त्यांना सांगता आलं नसतं.

"बरं, ऐक," त्या म्हणाल्या. "मान पाहुण्याला असतो. तू पाहुणं हायस का घरचं?"

"घरचं," अनु सावकाश म्हणाले.

"मग तुला मान न्हाई. साडी न्हाई न् शर्टपीसबी न्हाई. करवली माझ्या भावाची नात व्हईल, ती हौशीच हाय. घरच्यानं पंगतीत वाढायचं, पाहुण्याला हवं-नको बघायचं. काय घालून वाढायचं ते तुझं तू बघ."

"आणि माईकवर?"

"वाढप्यांची नावं माईकवरून कवा घेतल्याली ऐकलीस का?"

अनु हसले. पण हसणं लवकर थांबलं. "म्हणजे माझं नावच घ्यायचं नाही कुणी."

मुक्ताबाईंना वाटलं होतं, आपण वाट काढली. आता वाटायला लागलं, की आपण लेकराला घरात घेतलं, का घरातच झाकून ठेवलं? दोन्ही सारखंच दिसत होतं. जालिंदरमामा, साधनाबाई, दुकानातला माणूस, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ते मला ठरवता येईना," त्या अखेरीस म्हणाल्या. "तुला नको आसंल तर तसं सांग. पर तू नसलीस तर... नसलात तर... मला त्या मांडवात करमायचं न्हाई. एवढंच हाय माझ्याकडं."

फोनमधून कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज आला. मग अनु म्हणाले, "येईन आजी. वाढीन. पण हे या लग्नापुरतं. पुढच्या वेळी नाव घ्यायचं."

"बघू," मुक्ताबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, हे कमी पडलं. "बरं," त्या म्हणाल्या.

फोन सुलक्षणाने घेतला. ती बाहेर पायरीवर जाऊन बोलत राहिली. जेवलास का, जेवलीस का, असं दोन्ही विचारून मग नुसतंच "जेवण झालं का," असं तिने विचारलेलं आतपर्यंत ऐकू आलं.

मुक्ताबाईंनी साडी ढिगातून काढून साधनाबाईंपुढं ठेवली. शर्टपीस दुकानदाराला परत केला. जालिंदरमामांनी टोपी डोक्यावर घातली. साधनाबाई साडीच्या पदरावरून बोट फिरवत बसल्या होत्या. जरा वेळाने त्या सरकून जवळ आल्या आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "आजी, खरं सांगा. काही दुखणंबिखणं न्हाई ना?"

"न्हाई. मी पयल्यांदा तेच विचारलं हुतं. दुखणं न्हाई म्हणाली. म्हणाले."

"मग काय हाय?"

"मला न्हाई कळलं अजून," मुक्ताबाई म्हणाल्या. "कळलं की तुमाला सांगीन."

"लग्नाच्या आधी कळंल का?"

मुक्ताबाईंनी खरोखर विचार केला. "न्हाई वाटत," त्या म्हणाल्या.

साधनाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. ही बाई आपल्याला फसवत नाही, आणि तिच्याकडं सांगण्यासारखंही काही नाही, हे बहुतेक त्यांना दिसलं असावं. त्यांनी जांभळी साडी मुक्ताबाईंच्या भावाच्या नातीसाठी म्हणून डाव्या ढिगावर ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि दुकानातल्या माणसाला म्हणाल्या, "बांधा गाठोडी. पाच वाजता आमची गाडी हाय."