रेचलबाई आणि 'ई'चं बटण

रेचल आपटेकर यांच्या टायपिंग क्लासला पाटी होती, पण पनवेलमध्ये ती कुणी वाचत नसे. लाइन आळीत शिरलं की खडखडाटावरूनच क्लास सापडायचा. शेवटच्या कार्बन कॉपीवरही अक्षर ठसठशीत उठलं पाहिजे, एवढंच बाईंचं म्हणणं. "बोटांत जीव नाही का गं? घरी जेवायला घालत नाहीत?" हे ऐकत पनवेलचे निम्मे कारकून तयार झाले. वर्गात कुणी तोंडात बडीशेप धरलेलीसुद्धा बाईंना खपत नसे.

मग नव्वदचं दशक सरत आलं आणि टपाल नाक्यावर काचेच्या थंडगार खोलीत कॉम्प्युटर क्लास निघाला. बाईंची मशिनं एकेक करून गप्प झाली. नातेवाईक तर आधीच एकेक करून इस्राएलला गेले होते. थोरला भाऊ एलिजा दर रविवारी तिकडून फोन करायचा. "एकटी काय करतेस तिथे? इकडे ये. नोगाला बाळ होणार आहे, लेकीच्या मदतीला घरात माणूस लागतंच."

ते 'माणूस लागतंच' बाईंना टोचायचं. आयुष्यभर स्वतःच्या बोटांवर पोट भरलं, ते आता दुसऱ्याच्या घरात दुपटी वाळत घालायला? पण 'मी इथे कामात आहे' असं म्हणायला हाताशी काम तर हवं.

ते काम जुन्या विद्यार्थिनीने, रुचिराने आणलं. ती तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात होती. कामगारांच्या सुरक्षेची जाडजूड इंग्रजी पुस्तिका टाइप करायची होती. त्यासाठी ऑफिसचा जुना लॅपटॉपही ती घेऊन आली.

"शनिवारी साहेब प्रिंट घेऊन पुण्याला जाणार आहेत," ती म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की मी फ्लॉपी न्यायला येते. साहेबांना पसंत पडलं तर बाई, घरबसल्या कायमचं काम."

"दिवे लागायच्या आत ये. शुक्रवारी त्यानंतर आमचा शब्बाथ लागतो, मी कामाला हात लावत नाही."

"ते मला काय सांगता! शुक्रवारी क्लास लवकर सुटायचा म्हणून तर आम्ही सिनेमाला जायचो."

गुरुवारी पेणकरांकडे मलिदा होता. मुलाला नोकरी लागली म्हणून एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची यांचं ताट केलं होतं. बाईंनी आपला वाटा डब्यातून घरी आणला. टाइप करायची पानं अजून ढीगभर होती. एक पान झालं की एक घास, असं संध्याकाळभर चाललं.

शुक्रवारी सकाळी 'ई' उमटेना. बाकी सगळी अक्षरं हजर, ही एकटी गैरहजर. आणि इंग्रजीत हिच्यावाचून ओळ पुढे सरकत नाही. बाईंनी आधी नेहमीचा उपाय केला, जोरात दाबलं. मग आणखी जोरात. चिखलात पाय रुतावा तसं बटण आत गेलं.

"अडकलंय," बाईंनी निदान केलं. टाइपरायटरची की अडकली की तेलाचा एक थेंब, हे औषध त्यांच्या हातचं. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढून त्यांनी बटणाच्या फटीत नेमका थेंब सोडला आणि पुन्हा दाबलं.

'ई' आली. आली ती थांबेचना. एक ओळ भरली, दुसरी भरली, बघता बघता अख्खं पान.

कोथिंबिरीची जुडी घेऊन गप्पा मारायला आलेली शेजारची आशालता दारातच थबकली. "अगंबाई, हा किंचाळतोय का?"

"तेल घातलं जरासं."

"लॅपटॉपला? रेचलताई, उद्या त्याला न्हाऊ घालाल!"

"हसू नकोस. हे काम हातचं गेलं तर मला दादाकडे जावं लागेल, ठाऊक आहे ना?"

आशालताचं हसू मावळलं. "मग आधी बंद तर करा त्याला. कालचं फ्लॉपीवर घेतलंय ना?"

घेतलं होतं. बाईंनी लॅपटॉप बंद केला, उपडा धरला आणि सुपासारखा पाखडला. टेबलावर खोबऱ्याचा वाळका कीस आणि पोह्यांचा चुरा पडला. आशालताने वाकून पाहिलं. "हे तुम्ही? आमच्या वरदला बडीशेपेवरून दाराबाहेर उभं केलं होतंत!"

केसांतला आकडा काढून बाईंनी बटणाच्या कडेला लावला.

"अहो, ऑफिसचं आहे ते!"

टक्‌कन बटण उडालं ते कोथिंबिरीत जाऊन पडलं. खाली पांढरी नाजूक बिजागरी होती, तिच्यामध्ये रबराची इवलीशी टोपी, आणि बिजागरीच्या सांध्यात तेलाने माखलेला वेलचीचा दाणा पाचर मारल्यासारखा बसलेला. दाणा निघाला, पण बिजागरीचा एक पाय घेऊनच निघाला.

मग आशालता घरी जाऊन नवऱ्याची दाढीनंतर लावायच्या लोशनची बाटली घेऊन आली. "यात निम्मं स्पिरिटच असणार. आमचे हे लावल्यावर कसले चरफडतात!" काडीला कापूस गुंडाळून बाईंनी तेल आणि साखरेचा चिकटा टिपून घेतला. खोलीला नवरदेवाचा वास सुटला.

पंख्याखाली नीट सुकवून लॅपटॉप सुरू केला. बटण काही बसेना. बाईंनी उघड्या रबरावरच बोट टेकवलं. एक 'ई' उमटली. एकच! पण सवयीने जोर लावला की बोट घसरायचं आणि शेजारची दोन अक्षरं पाहुण्यांसारखी आत यायची. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला बाई दटावू लागल्या, "हळू. अगं, हळू जरा." नऊ बोटं जुन्या वळणाची आणि एक बोट नवशिकं, अशी वरात निघाली. आशालता शेजारी बसून मजकूर वाचून दाखवत होती. दुपारचा स्वयंपाक दोन्ही घरी राहिला.

शेवटचं पान संपलं तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

"डिंकाने चिकटवून द्या ते बटण," आशालता कुजबुजली. "दिसायला दिसतं. कुणाला कळतंय!"

बाईंनी बटण उचललं, जागेवर ठेवून पाहिलं. खरंच, ओळखू येत नव्हतं. साहेबांना कळलं नसतं, निदान पुस्तिका पसंत करीपर्यंत तरी. त्यांनी ते पुन्हा उचलून काडेपेटीत घातलं.

रुचिरा आली तेव्हा टेबलावर मेणबत्त्या मांडलेल्या होत्या, पेटवायच्या बाकी होत्या. बाईंनी फ्लॉपी, लॅपटॉप आणि काडेपेटी तिच्या हातात दिली. "बटण माझ्या हातून मोडलं. टाइप करताना खात होते. साहेबांना असंच सांग."

"बाई, हे सांगितलं तर..."

"सांग."

रविवारी सकाळी रुचिरा पुन्हा हजर. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. "साहेबांनी पुस्तिका चाळली. म्हणाले, काम चोख आहे. मग बटण पाहिलं आणि म्हणाले, या बाईंना लॅपटॉप देऊ नका, त्यांचा हात जड दिसतोय. स्टोअरमध्ये तो मोठा जुना कॉम्प्युटर पडलाय, तो टेम्पोत घालून पाठवा, मारूनसुद्धा मरत नाही. आणि पुढची पुस्तिका सोबतच पाठवा."

ती चहा घेत होती तोच फोन वाजला.

"काय ठरवलंस मग?" पलीकडून एलिजा विचारत होता. "येतेस ना?"

"येणार ना, बाळाला बघायला," बाई म्हणाल्या. "पण थोडे दिवसच हं दादा. रजा किती मिळते ते आधी विचारावं लागेल."