तुमचा बैल तुमचा

मेलेली ढोरं ओढण्याचं काम आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं. पुढे ज्याचं जनावर मरे तो ट्रॅक्टरला बांधून माळावर टाकून येई. कुत्री, गिधाडं बाकीचं बघत.

मग गुरांमध्ये लंपीची साथ आली. उघड्यावर टाकायचं नाही, खोल खड्डा करून चुना घालून पुरायचं, अशी दवंडी चामोर्शीकडच्या आमच्या गावातही फिरली.

पहिली आमचीच गाय गेली. बाबा मजुरीला बाहेरगावी गेले होते. आई आणि मी बांधाशेजारी सकाळपासून खणत होतो. माती ओढताना आई एकदाच थांबली, गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि पुन्हा फावडं उचललं. रस्त्यावरून जाणारे बघत होते.

आठवडाभरात गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला. अंगावर गाठी, त्यातून पू. हात लावायला कोणी तयार होईना. तो उपसरपंचाला घेऊन आमच्या दारात आला.

"बाई, तुमच्या मोहल्ल्यातले चार जण पाठवा. सरकारी नियम हाय," उपसरपंच म्हणाला.

"नियमात आमचा मोहल्ला लिवला हाय का, भाऊ?"

"तुमची गाय तर पुरली ना तुमी? मंग बैलाले काऊन नाई?" शेतकऱ्यानं विचारलं.

"ते माही गाय होती," आई म्हणाली. "तुमचा बैल तुमचा हाय. चुना उरला हाय, घेऊन जा. फावडं पायजे तर तेही नेजा. माणूस भेटनार नाई."

शेतकरी लाल झाला. "मळणीले माहं मशीन लागते तुमाले, ध्यानात ठेवजा."

"ठेवतो," आई म्हणाली.

मी आईशेजारी उभी राहिले. त्यांनी चुना नेला नाही. बैल दिवसभर गोठ्यात पडून राहिला. दुसऱ्या दिवशी वास असह्य झाला, तेव्हा शेतकऱ्यानं आणि त्याच्या दोन्ही मुलांनी नाकाला दुपट्टे बांधून स्वतः खड्डा खणला. आमच्या मोहल्ल्यातून कोणीही गेलं नाही.

त्या वर्षी मळणीचं मशीन आमच्या खळ्यावर आलं नाही. मोहल्ल्यातल्या बायका आल्या. धानाच्या पेंढ्या आम्ही लाकडी पाटावर आपटून झोडल्या. हातांना फोड आले. शेतकरी रस्त्यावरून जाताना दिसला की आई पेंढी आणखी जोरात आपटायची.

आता जनावर मेलं की ग्रामपंचायत जेसीबी पाठवते. सगळ्यांकडे, एकच.