भातुकलीतले बाबा

रविवारी दुपारी चार वर्षांची लेक भातुकली मांडून बसली होती. मी आगाऊपणे शेजारी मांडी घातली. “मी बाबा होतो हं!”

“मग ऑफिसला जा ना!” तिनं मला गॅलरीत पिटाळलं.

आत ती बाहुलीला थोपटत होती. “रडायचं नाही हं. बाबा गेला नाही, तर पाळणाघराचे पैसे कोण देणार?”

माझंच रोज सकाळचं वाक्य. पाळणाघराचे पैसे मिळवायचे म्हणून मी आणि तिची आई तिला पाळणाघरात ठेवतो. हिशेबात मी पहिल्यापासूनच ढ!

न राहवून मी आत डोकावलो. “ऑफिस सुटलं!”

“खोटं! अजून दिवे कुठे लागलेत?”

मी मुकाट्यानं गॅलरीत परतलो. समोरच्या भिंतीवरचं ऊन हलायलाच तयार नव्हतं.