ही जागा तुझी

पिरंगुटला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणुका, दशक्रिया, साऱ्यांची तोंडं माझ्या कॉम्प्युटरमधून जातात. भरे गावाजवळच्या एका सैन्यभरती अकॅडमीच्या मालकांनी जाहिरात करायला सांगितली, तेव्हा मी जरा जास्तच डोकं चालवलं. वर्दीतला, छाती पुढे काढलेला जवान घेतला, त्याचा चेहरा पुसला आणि तिथे पांढरा गोल सोडला. खाली लिहिलं, ‘ही जागा तुमची आहे.’ मग वाटलं, ‘तुमची’ म्हटलं की साऱ्या गावाला म्हटल्यासारखं होतं, कुणा एकाला लागत नाही. ‘तुमची’ खोडून ‘तुझी’ केलं. मालक खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

फ्लेक्स आमच्याच फाट्यावर लागला. धाकटा भाऊ तेव्हा नुकताच बारावी झाला होता. दुकानात येऊन म्हणाला, “दादा, ते माझ्यासाठीच लिवलंय असं वाटतंय.” मी हसलो. असं वाटावं म्हणूनच ते लिहिलं होतं, आणि हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढची सगळी वर्षं तो धावला. कॉलेज सोडलं. कंपनीतलं काम चालून आलं, तेही घेतलं नाही. दर भरतीत सोळाशे मीटरला थोडक्यात मागे पडायचा, आणि परत येताना त्या फ्लेक्सखाली थांबून मग घरी यायचा. शेवटी वय उलटलं. आता मारुंजीत दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. मला त्याने कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला थोडं बरं वाटलं असतं.

मालकांनी नवा फ्लेक्स लावला, तेव्हा जुना भावाने मागून आणला आणि गोठ्याच्या बांबूंवर ताडपत्रीसारखा ताणून बांधला. चित्र आतल्या बाजूला केलं, रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून.

परवा धार काढता काढता आईने मान वर केली. तिला वाचता येत नाही. बराच वेळ त्या जवानाकडे बघत राहिली.

“तुझ्याच हातचं काम हाय न्हवं हे?” तिने मला विचारलं.

“व्हय.”

“मंग ह्याचं तोंड लावायचं कसं ऱ्हायलं?”

भाऊ शेजारी कडब्याची पेंढी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, “दादाची चूक न्हाई, आई. फोटू मी द्यायचा हुता. मला जमलं न्हाई.”